दमा : घरचे उपाय आणि घरातली कारणे

(समाजाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला ‘दम्यावर घरगुती उपाय’. माझ्या एका डॉक्टर मित्राने लगेच विचारले, “तू अ‍ॅलोपॅथीवाला, तू काढ्यांवर काय बोलणार?” पण उज्जैनमध्ये चाळीस वर्षे दवाखाना चालवल्यावर मला एवढे नक्की ठाऊक आहे की दम्याचा रुग्ण माझ्या पायऱ्या चढतो तोपर्यंत त्याचे तीन-चार घरगुती उपाय करून झालेले असतात. आजीचा काढा झालेला असतो, शेजारच्या काकूंची पूड झालेली असते आणि कुणी तरी इंदूरहून आणलेले तेल छातीला चोळून झालेले असते. हे तो डॉक्टरला सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील. आणि डॉक्टरांनी दिलेला पंप तो आजीला दाखवत नाही, कारण आजी रागावेल. या लपवालपवीत माणूस बिचारा धापा टाकत राहतो. म्हणून आज उघडच बोलू.

आधी दमा म्हणजे काय ते थोडक्यात. श्वासनलिकेत तीन गोष्टी घडतात. आतल्या अस्तराला सूज येते, बाहेरचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साठतो. नळी अरुंद झाली की श्वास बाहेर टाकताना शिट्टी वाजते. यातली सूज सर्वात महत्त्वाची, कारण रुग्णाला बरे वाटत असते तेव्हाही ती आत असते. आता पुढे मी ज्या ज्या उपायाचे नाव घेईन, त्याला मनातल्या मनात एकच प्रश्न विचारा : हा सूज कमी करतो, स्नायू सैल करतो, कफ पातळ करतो, की नुसता घशाला बरा वाटतो? घशाला बरे वाटणे काही वाईट नाही. पण ते कशाच्या जागी घ्यायचे आणि कशाच्या जोडीला, हे त्यावरून ठरते.

आपल्या पूर्वजांना हा आजार चांगला माहीत होता. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात श्वासाचे पाच प्रकार आहेत, त्यातला ‘तमक श्वास’ म्हणजे आपला दमा. ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो, आडवे पडले की त्रास होतो, उठून बसले की बरे वाटते, गरम हवेसे वाटते, हे सारे वर्णन तिथे आहे. कारणांमध्ये धूळ आणि धूर अगदी आरंभी येतात. आणि उपचाराबद्दल चरक काय म्हणतात? हा ‘याप्य’ आहे, म्हणजे ताब्यात ठेवता येतो, मुळासकट जात नाही. फार तर नुकताच सुरू झालेला असेल तर बरा होऊ शकतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘आयुर्वेदात दमा मुळापासून जातो’ असे म्हणून औषध विकणारे लोक चरकांपेक्षाही मोठे वैद्य झालेले आहेत.

आता घरातल्या डब्यांकडे वळू. अडुळसा हा आपल्या परसातला जुना मित्र. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचे द्रव्य असते. त्याचाच धागा पकडून गेल्या शतकात ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि त्यापासून अ‍ॅम्ब्रॉक्सॉल. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावे तुम्हाला दिसतील. म्हणजे अडुळसा कफ पातळ करतो हे आजीचे म्हणणे खरे. पण सुजेवर त्याचा भरवसा धरता येत नाही. ज्येष्ठमध घशाला उत्तम. मात्र महिनोन्‌महिने रोज चघळला तर रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी जपून. मधाने खोकल्याची उबळ कमी होते, मुलांमध्येसुद्धा. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नका. त्याने क्वचित, पण जिवावरचे विषबाधेचे दुखणे होते. बारशाला हौसेने मध चाटवणाऱ्या आत्याबाईंना हे प्रेमाने सांगा. हळदीचे दूध, सुंठ, तुळस, गवती चहा, अवश्य घ्या. घरात कुणाला सर्दी झाली की दमा उसळतो, त्या सर्दीत हे सारे सुखाचे आहे.

दूध, दही, केळे, भात यांनी कफ होतो म्हणून दमेकरी मुलांचे खाणे बंद करणारी घरे मी फार पाहिली. ज्या मुलाला एखाद्या पदार्थाची खरोखर अ‍ॅलर्जी आहे त्याची गोष्ट वेगळी. पण सरसकट सगळ्यांचे दूध तोडल्याने दमा कमी होत नाही, मूल मात्र सुकते.

वाफारा? सर्दीने चोंदलेल्या नाकाला बरे वाटते. दम्याच्या ॲटॅकमध्ये वाफेचा उपयोग नाही, काहींना तर दमट गरम हवेने धाप वाढते. आणि पातेले कलंडून भाजलेली मुले पाहिली की तो वाफारा नको वाटतो. बाम आणि कापूर यांची गंमत अशी की मेंथॉलमुळे नाकाला गार लागते आणि मेंदूला वाटते हवा मोकळी झाली. नळी होती तेवढीच अरुंद असते. लहान बाळाजवळ कापूर तर नकोच, पोटात गेला तर आकडी येते.

आणि धुरी! बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर ओवा, वावडिंग, धूप शेगडीवर टाकून धुरी देणे ही आपल्या मराठी घरांची खास पद्धत. तिच्यामागची माया मला मान्य आहे. पण महिनाभराच्या बाळाच्या छातीत तो धूर जातो, आणि धूर ओव्याचा असो की विडीचा, नळीला तो धूरच. शेक द्या, धुरी देऊ नका. चरकही माझ्याच बाजूने आहेत.

कॉफीचे सांगायला हवे. हेन्री हाइड सॉल्टर नावाचे इंग्रज डॉक्टर स्वतः दमेकरी होते. १८६० साली त्यांनी दम्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात कडक काळ्या कॉफीची शिफारस आहे. ते चूक नव्हते. कॅफीन हे थिओफिलिनचे भावंड, आणि थिओफिलिन प्रथम चहाच्या पानांतूनच वेगळे केले गेले. चहा-कॉफीने नळ्या थोड्या सैल होतात, काही तास. कधी प्रवासात पंप जवळ नसेल तर डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत एक कडक कप प्यायला हरकत नाही. त्याहून अधिक अपेक्षा कॉफीकडून करू नका.

दुसरी वनस्पती आपल्या गावाची. महाकाळाच्या वाटेवर बेलपानांबरोबर धोतऱ्याची फुले-फळे विकायला असतात. या धोतऱ्याचा धूर दम्यासाठी ओढण्याची रीत आपल्या देशात होती. १८०२च्या सुमारास ती मद्रासहून विलायतेला गेली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तिकडच्या दुकानांत ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या जात होत्या. धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपिनने नळ्या सैल होतात, पण त्याच्या जोडीने भ्रम होतो, काळीज धडधडते आणि जीवही जातो. शास्त्रज्ञांनी त्यातला धोका बाजूला काढून इप्राट्रोपियम बनवले. आज इस्पितळात नेब्युलायझरच्या वाफेत तुमच्या नातवाला जे औषध देतात त्यात बहुधा ते असते. सांगायचे ते हे की पंपातले औषध आपल्या अंगणाला परके नाही. धोतरा मात्र शंकरालाच वाहा.

आता जरा नाजूक विषय. पुढच्या महिन्यात कोजागिरी आहे. आपण गच्चीवर आटीव दूध पितो, पण मध्यप्रदेशात अनेक ठिकाणी, चित्रकूटला तर फारच मोठ्या प्रमाणावर, त्या रात्री दम्याची औषधी खीर वाटतात. हैदराबादला जूनमध्ये मृग लागताना बथिनी कुटुंबाकडून जिवंत माशाच्या तोंडात पिवळे औषध घालून तो मासा गिळायला देतात. शाकाहारी मंडळींना गुळातून मिळते. आपल्यातलेही काही लोक जाऊन आले आहेत. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही. पण या उपायांनी दमा जातो असे कुठल्याही चाचणीत दिसलेले नाही. मग लोकांना गुण का वाटतो? कारण दमा स्वतःच चढतो आणि उतरतो. माणूस उपाय शोधायला बाहेर पडतो तो सर्वात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बहुधा बराच असतो. श्रेय मधल्या खिरीला मिळते. माझ्या एका रुग्ण बाईंना कुणीतरी सांगितले की खीर घ्यायची तर आठ दिवस आधी बाकी औषध बंद. त्या रात्रभर दवात, गर्दीत, उघड्या मैदानात बसल्या, आणि पहाटे त्यांना थेट ऑक्सिजनवर आणावे लागले. खीर प्रसाद म्हणून घ्या, घरी, शाल पांघरून. पंप बंद करू नका, एवढेच माझे मागणे.

खिरीपेक्षा मला भीती वाटते पुडीची. नाव नसलेली, कागदात बांधलेली, ‘शंभर टक्के जडीबुटी’. तीन दिवसांत जादूसारखा गुण आला, भूक वाढली, चेहरा गोल झाला आणि साखर चढली, तर ती जडीबुटी नव्हे, कुटून मिसळलेली स्टेरॉइडची गोळी असण्याची दाट शंका घ्या. आणि बरेच महिने घेत असाल तर एकदम सोडूही नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. विनोद असा की हीच माणसे मला सांगतात, “डॉक्टरसाहेब, पंप नको, त्यात स्टेरॉइड असते.”

आता घरातली कारणे. माझ्या मते खरा घरगुती उपाय इथे आहे. झोपण्याच्या खोलीत रात्रभर जळणारी मच्छरांची कॉइल घ्या. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे निघाले. विडी न ओढणारी आजी आणि तिच्या कुशीतला नातू रोज रात्री हे ओढतात. मच्छरदाणी लावा. अगरबत्ती-धूप देवघराचे दार उघडे ठेवून, दमेकरी माणूस दुसऱ्या खोलीत असताना. मिरचीची फोडणी घालताना खिडकी उघडी. जुन्या शहरातल्या वाड्यांत चौमासा संपेपर्यंत भिंतींना ओल येते आणि कपाटामागे बुरशी धरते. ती खरवडून, धुऊन, चुना द्या. दिवाळीनंतर थंडीला पेटीतून रजया आणि गोधड्या काढतो तेव्हा त्यात वर्षभराची धूळ आणि डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. पांघरण्याआधी उन्हात टाका, खोळ गरम पाण्याने धुवा, आणि हे काम दमेकरी सुनेला सांगू नका.

शब-ए-मालवा म्हणून आपल्या रात्रींचे कौतुक होते. गार, सुखाची रात्र. पण श्वासनलिका पहाटे चारच्या सुमारास सर्वात अरुंद असतात. ज्या वेळी महाकाळाची भस्मारती सुरू असते त्या वेळी दमेकरी खाटेवर उठून बसलेला असतो. आठवड्यातून दोन-तीनदा असे होत असेल, तर समजा दमा ताब्यात नाही, दिवसा कितीही बरे वाटो.

गावाबाहेरची एक गोष्ट मालव्यासाठी फार महत्त्वाची आहे. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात अधूनमधून एखादा दिवस असा उगवायचा की दम्याच्या रुग्णांनी इस्पितळे भरून जायची. असे २६ दिवस नोंदले गेले. शोधता शोधता कळले की ज्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जाई त्याच दिवशी हे होई. कोठारांवर धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या. त्या बसवल्या आणि ते दिवस थांबले. दोषी होते सोयाबीनच्या सालपटाची धूळ. आता सांगा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे दुसरे काय चालते? शेतात थ्रेशर, रस्त्यावर ट्रॉल्या, मंडीत ढीग. माझ्या दवाखान्यातली गर्दी त्याच दिवसांत वाढायची. ज्यांची शेती आहे, अडत आहे, गोदाम आहे, त्यांनी थ्रेशरजवळ तोंडाला साधा गमछा न बांधता नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, आणि घरात शिरण्याआधी कपडे बदलावेत. कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजते, तेही त्याच सुमारास. १९५०च्या दशकात ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि आज देशभर आहे. फुलायच्या आधी, हातमोजे घालून, दमेकरी नसलेल्या माणसाने ते उपटावे.

आणि दिवाळी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वात जास्त सूक्ष्म कण कशातून निघाले? हजारांच्या माळेतून नाही. मुलांच्या हातात आपण निरुपद्रवी म्हणून देतो त्या सापाच्या काळ्या गोळीतून. बालमित्रांनो, साप यंदा रद्द.

ज्येष्ठांसाठी औषधांच्या डब्यातली दोन कारणे. गुडघ्यासाठी आपण मनानेच घेतो त्या अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना जबर ॲटॅक येतो. आणि काचबिंदूसाठी डोळ्यात घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनीसुद्धा! डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा आहे हे सांगा. दुसरे थेंब मिळतात.

प्राणायामाबद्दल नेहमी विचारतात. अनुलोम-विलोम, भ्रामरी, सावकाश श्वास, यांनी त्रास कमी जाणवतो, घबराट कमी होते. जरूर करा. कपालभाती आणि भस्त्रिका थंड हवेत जोराने केल्या तर उलट धाप लागू शकते. ॲटॅक आलेला असताना कुठलाच प्राणायाम नको.

आता पंप. अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारले की केसांच्या स्प्रेसारखे माझे दम्याचे औषध का नाही मिळत? त्यातून १९५६ साली पहिला पंप बाजारात आला. ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ ही समजूत कुठून आली कोण जाणे. हिशेब पाहा : साल्ब्युटामॉलची गोळी २ मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीचा विसावा भाग, आणि तो थेट नळीत. सवय लागते म्हणता, तर रोज दात घासण्याचीही लागते.

मात्र एक धोका मी ठळकपणे सांगतो. निळा पंप फक्त स्नायू सैल करतो, सूज तशीच ठेवतो. लगेच बरे वाटते म्हणून लोक केमिस्टकडून तोच तो आणत राहतात. २०१९ साली ‘जीना’ या दम्याच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने स्पष्ट सांगितले की मोठ्यांचा आणि किशोरांचा उपचार नुसत्या निळ्या पंपावर चालवू नये. सूज उतरवणारे औषध सोबत हवेच. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. औषध मिळत नाही हे एक कारण, आणि मिळूनही घेत नाही हे दुसरे. सूज उतरवणारा पंप ओढल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंडात फोड येत नाहीत.

लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना पंप दाबणे आणि श्वास घेणे एकत्र जमत नाही, औषध जिभेवरच राहते. त्यासाठी स्पेसर नावाची नळी मिळते. ती नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या डॉक्टरांनी ॲटॅक आलेल्या मुलांना अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीतून औषध देऊन पाहिले आणि १९९९ साली छापले की बाटली बाजारातल्या स्पेसरइतकीच चालली. तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक करायचे, पंप घट्ट बसवायचा, फट राहिली तर चिकटवून बंद करायची. बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत. एक दाब, मग पाच-सहा सावकाश श्वास. नंतर दुसरा दाब. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता वाळवायची. पावडरच्या कॅप्सूलवाल्या यंत्राला हे चालत नाही, फक्त फवाऱ्याच्या पंपाला. माझ्या विषयाला शोभेल असा घरगुती उपाय विचाराल, तर तो हा.

ॲटॅक आला तर माणसाला आडवे करू नका, पुढे झुकवून बसवा. निळ्या पंपाचे चार दाब, एकेक करून, स्पेसरमधून. चार-पाच मिनिटांत आराम नाही तर पुन्हा चार, आणि तेवढ्यात गाडी काढा किंवा १०८ला फोन करा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर, गुंगी, किंवा शिट्टी वाजायची अचानक थांबली आणि माणूस शांत झाला, तर ती शांतता सर्वात वाईट. काढा उकळत बसू नका.

शेवटचे, आणि हे बायकांच्या रांगेकडे पाहून बोलतो. आपल्या घरांतून मुलीचा दमा लपवतात. स्थळ पाहताना ‘थोडी सर्दी असते’ म्हणतात, आणि मग ती सासरी न्हाणीघरात दार लावून पंप ओढते किंवा ओढतच नाही. दिवस गेले की सासूबाई म्हणतात, बाळासाठी औषध बंद. अगदी उलटे आहे. आईचा श्वास कोंडला तर बाळाचा प्राणवायू तुटतो. पंप गरोदरपणात चालू ठेवायचा असतो. लग्नाआधी सांगा. जे घर पंप पाहून नाही म्हणते, तिथे पहाटे चार वाजता गाडी कोण काढणार होते?

उद्या सकाळच्या आरतीनंतर मी तासभर इथेच बसणार आहे. ज्यांच्याकडे पंप आहे त्यांनी तो घेऊन या, कसा ओढता ते मला करून दाखवा. आणि प्रसादाच्या वेळी रिकाम्या झालेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या फेकू नका, कार्यालयाच्या टेबलापाशी ठेवा.